संगणकांचें कोठार कोठें असावें ?

गेल्या वर्षींची एक गोष्ट आम्हांस अद्याप विसरतां येत नाहीं. आमच्या शाळेंतील नववीच्या एका मुलीस एका शिष्यवृत्तीसाठीं अर्ज करावयाचा होता. हल्लीं असे अर्ज कागदावर घेत नाहींत. ते मोबाईलवरून अगर संगणकावरून भरावे लागतात. मुलीचा पाडा डहाणू तालुक्याच्या पूर्वेकडील डोंगराळ भागांत आहे. पाड्यावर रेंज नाहीं, म्हणून बाप व मुलगी दोघें टेकडीवर चढलीं. नांव, गांव, गुण सर्व भरून झालें. छायाचित्र व दाखला पाठविण्याची वेळ आली तों पडद्यावरील चक्र फिरूं लागलें, तें फिरतच राहिलें. पुन्हां आरंभापासून भरलें, पुन्हां तेंच. सायंकाळीं मोबाईलची बॅटरी संपली. तो मुदतीचा शेवटचा दिवस होता. बापाची एका दिवसाची मजुरी बुडाली आणि मुलीची त्या वर्षाची शिष्यवृत्ति गेली. दुसऱ्या दिवशीं तो आम्हांकडे आला. त्यानें कोणास दोष दिला नाहीं. एवढेंच विचारलें, "गुरुजी, आमचा अर्ज जायचा होता तरी कुठं ?"

आम्हीं त्या वेळीं कांहींसें उत्तर दिलें. पण तें अर्धवट होतें हें आमचें आम्हांसच समजलें. एक वर्ष विचार केल्यावर जें सुचलें तें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें म्हणून हा लेख.

पुष्कळ मुलांची अशी समजूत असते कीं, मोबाईलवरून पाठविलेली वस्तु आकाशांत कोठें तरी जाऊन राहते. "क्लाउड" या नांवानें तर ही समजूत अधिकच दृढ झाली आहे. वस्तुतः ती मेघांत जात नाहीं, इमारतींत जाते. त्या इमारतींत लोखंडी मांडण्यांवर हजारों संगणक रात्रंदिवस चालत असतात. ते तापतात म्हणून त्यांस अखंड थंड ठेवावें लागतें, आणि वीज गेली तर क्षणाचाही खंड पडूं नये म्हणून बॅटऱ्या व डिझेलचीं जनित्रें सज्ज असतात. अशा इमारतीस डेटा सेंटर म्हणतात. आपण त्यास माहितीचें कोठार म्हणूं. आपल्या देशांत अशा कोठारांची फार मोठी दाटी मुंबई व नवी मुंबई येथें आहे. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल हीं नांवें आमच्या वाचकांस ठाऊक असतील. तेथें तीं उभीं आहेत. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुणें, मुंबई व चेन्नई येथें, ॲमेझॉननें २०१६ सालीं मुंबईस आणि गूगलनें २०१७ सालीं मुंबईस आपापलीं केंद्रें चालू केलीं. एकच काम अनेक यंत्रांत वांटलेलें असतें, आणि एकाच माहितीच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणीं ठेवलेल्या असतात. म्हणून कोणतें काम कोणत्या गांवच्या यंत्राकडे द्यावें, हा या व्यवसायांतील मुख्य प्रश्न होऊन बसला आहे.

या प्रश्नाच्या निर्णयांत अनेक गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली गोष्ट अंतराची. कांचेच्या तारेंतून प्रकाश एका सेकंदांत सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. हा वेग प्रचंड खरा, परंतु अमर्याद नव्हे. मुंबईपासून अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेंत सुमारें साडेबारा हजार किलोमीटर आहे. तेव्हां निरोप जाऊन परत येण्यास निदान सेकंदाचा आठवा भाग लागणारच. एखादें पान उघडतांना अशा अनेक खेपा होतात. वीस खेपा धरल्या तर अडीच सेकंद नुसत्या प्रवासांत गेले. तेंच कोठार सिंगापुरास असेल तर पाऊण सेकंदाच्या आसपास लागतील, आणि मुंबईस असेल तर मुंबईकरास कांहींच लागल्याचें जाणवणार नाहीं.

दुसरी गोष्ट तारांची. १८७० सालीं सुवेझहून एडनमार्गें समुद्राखालून तारायंत्राची तार मुंबईस येऊन पोंचली. आज कांचेच्या तारा समुद्राखालून येतात. त्यांचेंही एक मोठें बंदर मुंबईच आहे. तिसरी गोष्ट विजेची व थंडाव्याची. चौथी सुरक्षिततेची. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस अतिवृष्टीनें पूर आला, आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजीं तेथील वीज कित्येक तास बंद पडली. म्हणून शहाणा मनुष्य सर्व बियाणें एकाच कणगींत ठेवीत नाहीं. एक प्रत दुसऱ्या गांवीं ठेवतो. पांचवी गोष्ट कायद्याची. एप्रिल २०१८ मध्यें रिझर्व्ह बँकेनें असा आदेश काढला कीं, पैशांच्या देवघेवीची माहिती भारतांतच साठविली पाहिजे. असा नियम झाल्यावर परदेशांतील कोठार कितीही स्वस्त असलें तरी तें त्या कामापुरतें निरुपयोगी होय.

आतां डहाणूकडे वळूं. डहाणू रोड स्टेशनापासून मुंबई सुमारें सव्वाशें किलोमीटर. तार सरळ गेली असें धरलें तर जाण्यायेण्यास सेकंदाचा आठशेंवा भाग पुरे. पापणी लवते न लवते तों पन्नासांहून अधिक खेपा होतील. तेव्हां त्या मुलीचा अर्ज अडला कोठें ? तो मुंबईंत अडला नाहीं, समुद्राखालीं अडला नाहीं. तो अडला टेकडी आणि टॉवर यांच्यामधील चार कोसांत.

ही गोष्ट नीट ध्यानांत घेतली म्हणजे वारंवार ऐकूं येणारें एक मत टिकत नाहीं. कांहीं सुशिक्षित मंडळी म्हणतात, "डहाणूस एक मोठें डेटा सेंटर आणा म्हणजे आमचे प्रश्न सुटतील." आमच्या मतें हें खरें नव्हे. असें कोठार डहाणूच्या बाजारांत उभें राहिलें तरी पाड्यावरील रेंज तिळभर वाढणार नाहीं. इमारत बांधून झाली कीं तिच्या आकाराच्या मानानें कायमचीं माणसें थोडींच लागतात. वीज मात्र फार लागते. आयर्लंड देशांत २०२३ सालीं मोजलेल्या एकूण विजेपैकीं २१ टक्के वीज एकट्या डेटा सेंटरांनीं घेतली. सिंगापूर सरकारनें तर २०१९ पासून नवीं कोठारें बांधण्यास थांबविलें आणि २०२२ सालीं कडक अटी घालून पुन्हां परवानगी दिली. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेनें पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला गेला आहे. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्याच्या रक्षणासाठीं न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं प्राधिकरण नेमलें गेलें. अशा भूमींत कोणतीही मोठी वस्तु आणतांना "आली म्हणजे बरीच असेल" एवढ्यावर भागत नाहीं.

मग कोठारें मुंबईंतच राहावीं आणि आपण गप्प बसावें काय ? मुळींच नाहीं. येथें आम्ही मुलांस अंकगणिताचें एक उदाहरण घालतों. समजा, एका गांवांत ९० घरें आहेत, आणि तीन किलोमीटरांवर पाड्यांत १० घरें आहेत. पैसे एकाच विहिरीपुरते आहेत. विहीर कोठें खणावी ? गांवांत खणली तर दहा घरांस प्रत्येकीं तीन, म्हणजे एकूण ३० किलोमीटर चाल. पाड्यांत खणली तर ९० घरांची २७० किलोमीटर. मध्यावर खणली तर शंभर घरांची प्रत्येकीं दीड, म्हणजे १५० किलोमीटर. गणित स्पष्ट सांगतें कीं, गांवांतच खणा. गणित चुकलेलें नाहीं. तथापि त्या दहा घरांतील बायकांच्या डोक्यावरील हंडा त्या बरोबर उत्तरानें हलका होत नाहीं. सरासरी उत्तम आली. शेवटचें घर होतें तेथेंच राहिलें.

जगांतील संगणकांची वांटणी करणारे विद्वान हेंच गणित करतात. त्यांचें माप बहुधा एकूण खर्च व सरासरी वेळ हें असतें. त्या मापानें पाहतां मुंबईच्या उपनगरांतील लक्षावधि माणसांपुढें डहाणू-तलासरींतील पाडे म्हणजे शून्याच्या जवळपास. त्यांत कोणाचा दुष्टावा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. माप निवडलें तेव्हांच उत्तर ठरून गेलें, एवढेंच. परंतु दुसरें माप घेतां येतें. सर्वांत मागें असलेल्या मनुष्यास किती थांबावें लागतें, हें तें माप होय. सार्वजनिक कामांत, म्हणजे शाळा, दवाखाना, शिधापत्रिका, शिष्यवृत्ति यांत, हें दुसरेंच माप खरें असलें पाहिजे. दुकानदारास सरासरी पुरते. सरकारास व शिक्षकास ती पुरत नाहीं.

दुसऱ्या मापानें पाहिलें म्हणजे विहीर पाड्यावर हलवावी असें निघत नाहीं. विहीर गांवांतच असूं द्यावी, पण पाड्यावर एक लहान टाकी बांधावी व तेथवर नळ न्यावा, असें निघतें. मोठें कोठार दूर असेना का. लहान कणगी घराजवळ पाहिजे. आमच्या भागांतील शेतकऱ्यास हें शिकवावें लागत नाहीं. भाताचा व्यापार बाजारांत होतो. पण रोजचें कांडण घरच्या कणगींतल्या भाताचें असतें.

आणि हा विचार डहाणूस परका नाहीं. किंबहुना तो येथेंच आचरणांत आणला गेला आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. बालवाडी उघडली, पण वस्तींतील मुलें तेथें येईनात. तेव्हां या दोघींनीं मुलांस दोष दिला नाहीं. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणांत नेली. तीच अंगणवाडी. पुढें १९५७ च्या सुमारास हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील वारली मुलें गुरें राखावयास जात, म्हणून शाळाच गवताळ कुरणांत नेण्यांत आली व तिला कुरणशाळा म्हणूं लागले. अंगणांत काय गेलें आणि काय गेलें नाहीं, हें पाहण्यासारखें आहे. गाणीं, गोष्टी, खेळ, स्वच्छता, रोजचा पाठ हें अंगणांत गेलें. शिक्षिकांचें प्रशिक्षण व साहित्य सिद्ध करणें हें कोसबाडासच राहिलें. जें रोज व तत्काळ लागतें तें जवळ, जें मोठें व सावकाशीचें तें केंद्रांत. आज मोठमोठ्या कंपन्या संगणकांच्या बाबतींत हीच रीत शोधून काढीत आहेत. वापरणाऱ्याच्या जवळ लहान यंत्र ठेवावें आणि जड काम दूर पाठवावें, असें त्या म्हणतात. कोसबाडनें हें विजेशिवाय करून दाखविलें होतें.

तेव्हां आमच्या मतें करावयाचें काय, तें थोडक्यांत सांगतों.

पहिली गोष्ट, प्रत्येक शाळेंत एक लहान कणगी असावी. एका साध्या संगणकांत पाठ्यपुस्तकें, धडे व विश्वकोश साठवून तो शाळेच्या आवारांतील मोबाईलांस जोडून देतां येतो. त्यास बाहेरची रेंज लागत नाहीं. कोलिब्री, किविक्स यांसारखीं साधनें याच कामासाठीं विनामूल्य मिळतात. कोणी म्हणेल, आंतील माहिती शिळी होईल. होईल खरी. परंतु जो शिक्षक शनिवारीं एस्. टी. नें डहाणूस घरीं जातो, तो सोमवारीं येतांना नवी माहिती हातांतील डिस्कवर भरून आणूं शकतो. पुस्तकांची पेटी गांवोगांव नेण्यापेक्षां हें अवघड नाहीं.

दुसरी गोष्ट शेवटच्या चार कोसांची. ग्रामपंचायतींपर्यंत कांचेची तार नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली. पुढें तिला भारतनेट हें नांव मिळालें. परंतु आमच्याकडे एका ग्रामपंचायतींत अनेक पाडे असतात, आणि ते एकमेकांपासून दूर असतात. ग्रामपंचायतीच्या कचेरींत तार आली म्हणजे पाड्यावर आली असें नव्हे. योजनेची पूर्तता कचेरीच्या भिंतीवर न मोजतां पाड्यावरील शाळेंत मोजावी.

तिसरी गोष्ट अर्ज तयार करणाऱ्यांची. ज्याच्या टेबलावर उत्तम रेंज आहे त्यानें केलेला अर्ज टेकडीवर उघडत नाहीं. अर्ज हलका असावा. भरलेला भाग मोबाईलमध्येंच राहावा. जेथें तुटला तेथून पुढें चालूं व्हावा. आणि वेळेंत भरूं लागल्याची खूण असेल तर मुदतीनंतरही तो घ्यावा. यास नवें कोठार लागत नाहीं. शेवटच्या मनुष्याची आठवण लागते.

चौथी गोष्ट हिशेबाची. येथें डहाणूकरांनीं संकोच करण्याचें कारण नाहीं. डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्रांत प्रत्येकीं २५० मेगावॅटचे दोन संच असून तें १९९५ सालीं चालू झालें. कोळसा आगगाडीनें दुरून येई, राख येथें पडे आणि वीज मुंबईच्या उपनगरांकडे जाई. धुरांतील गंधक काढणारें यंत्र बसवावें असा आदेश प्राधिकरणानें १९९९ सालीं दिला; तें चालू होण्यास २००७ साल उजाडलें. सूर्या नदीवरील धामणी धरणाचें पाणी मूळ येथल्या शेतीसाठीं. त्यांतून दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार व मीरा-भाईंदर या शहरांकडे नेण्याची योजना झाली. शहरांस वीज व पाणी देऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. शेजाऱ्यास पाणी नाकारणें हा धर्म नव्हे. तसेंच, कोणत्या केंद्राची वीज कोणत्या संगणकास गेली हें वेगळें काढून दाखवितां येत नाहीं. तारांच्या जाळ्यांत ती एकदां मिसळली कीं मिसळली. परंतु कोठार मुंबईंत बांधलें म्हणजे त्याचा भार मुंबईवरच पडतो, हा समज खोटा आहे. त्याचे पाय दूरच्या खेड्यांत रोवलेले असतात. म्हणून प्रत्येक कोठारानें आपण किती वीज व किती पाणी घेतों हें दरसाल प्रसिद्ध करावें. युरोपांत मोठ्या कोठारांस २०२४ पासून असा अहवाल द्यावा लागतो. आपल्याकडेही तसें असावें. आणि ज्या तालुक्यांतून वीज-पाणी जातें, त्यांच्या शेवटच्या चार कोसांचा खर्च त्या उत्पन्नांतून आधीं व्हावा. ही भीक नव्हे, हिशेबाची बाकी आहे.

पांचवी गोष्ट, सर्वच कामें घाईचीं नसतात. पैसे पाठविणें, रोग्याचा अहवाल पाहणें हीं तत्काळ झालीं पाहिजेत. पण चित्रफितींचें रूपांतर, जुन्या माहितीच्या प्रती करणें यांसारखीं कामें दोन तासांनीं अगर दुसऱ्या गांवीं झालीं तरी चालतात. गूगलनें २०२० सालीं अशीं कामें जेव्हां स्वच्छ वीज अधिक मिळते त्या वेळेवर, आणि २०२१ सालीं जेथें ती मिळते त्या ठिकाणावर ढकलण्यास आरंभ केल्याचें जाहीर केलें. आपल्या देशांत ऊन विपुल आहे. थांबूं शकणारें काम उन्हाच्या वेळीं व उन्हाच्या प्रदेशांत करावें. त्यासाठीं रात्रीं कोळसा जाळण्याचें प्रयोजन नाहीं.

आतां विद्यार्थ्यांनीं काय करावें ? त्यांनीं या सुट्टींत एक काम करावें अशी आमची सूचना आहे. प्रत्येकानें आपल्या पाड्याचा नकाशा काढावा. रेंज कोठें मिळते, कोणत्या वेळीं मिळते, कोणत्या झाडाखालीं अगर टेकडीवर जावें लागतें, तें त्यांत दाखवावें. शाळा उघडल्यावर हे सर्व नकाशे जोडून आम्ही मोठा नकाशा करूं. मोठमोठ्या कंपन्यांकडे साऱ्या जगाचे नकाशे असतील, पण कोणत्या जांभळीखालीं उभें राहिल्यानें निरोप जातो हें त्यांस ठाऊक नसतें. तें आमच्या मुलांस ठाऊक आहे. पालकांनीं तो नकाशा ग्रामसभेपुढें ठेवावा. डहाणू व तलासरी हे अनुसूचित क्षेत्रांत येतात, आणि १९९६ च्या पेसा कायद्यानें येथल्या ग्रामसभेस विशेष अधिकार दिलेले आहेत. ते अधिकार कागदावर ठेवण्यासाठीं नव्हेत.

त्या बापाच्या प्रश्नाचें उत्तर आज आम्ही असें देऊं : "तुमचा अर्ज सव्वाशें किलोमीटर जायचा होता, आणि तेवढें अंतर त्यास कांहींच नव्हतें. तो तुमच्या टेकडीवरून खालीं उतरूं शकला नाहीं. त्यांत तुमची चूक नव्हती आणि तुमच्या मुलीचीही नव्हती." ती मुलगी आतां दहावींत आहे. यंदां तिचा अर्ज आम्हीं मुदतीच्या आठ दिवस आधीं डहाणूस तिला सोबत घेऊन जाऊन भरविला. पण प्रत्येक पाड्यावरील प्रत्येक मुलास डहाणूस घेऊन जाणें हा कांहीं उपाय नव्हे. ताराबाईंनीं व अनुताईंनीं तो मार्ग धरला नव्हता, आणि आपणही धरूं नये.